मागचा ओटा – राहिला

आमच्या संस्थेची माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा नांदेडला मंजूर झाली, तेव्हा मी ऑफिसभर पेढे वाटले. जागा कुठली ते दुसऱ्या दिवशी कळलं, आणि वाटलेले पेढे परत मागावेसे वाटले.

जागा म्हणजे निजामाच्या काळातली एक कचेरी. रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर, काळ्या दगडाची, हात-दीड हात जाडीच्या भिंती, पुढं कमानींचा व्हरांडा. शेवटचं दफ्तर तिथून हललं त्याला बरीच वर्षं झाली होती. आत कबुतरं, मोडक्या खुर्च्या आणि एका भिंतीवर उर्दूत ठळक अक्षरांत लिहिलेली एक ओळ. ती वाचता येईल असं माणूस आमच्या संस्थेत एकही नव्हतं. वास्तू वारशाची, त्यामुळं पाडायची परवानगी नाही. मग आमच्या संचालकांनी तोडगा काढला: बाहेरून हात लावायचा नाही, आतून अद्ययावत प्रयोगशाळा करायची. आणि रसायनशास्त्राची बाई म्हणून देखरेख माझ्या गळ्यात.

मी सरळ सांगितलं, "सर, दगडाच्या इमारतीत मला काम जमणार नाही."

"का हो? उन्हाळ्यात थंडगार असते की."

का ते मी सांगितलं नाही. लातूर जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला हे विचारायचंच नसतं. मी मूळची रेणापूरकडची. भूकंप झाला तेव्हा चौथीत होते. आमच्याकडं फार पडझड झाली नाही, पण आमच्या घराची मागची दगडी भिंत बसली आणि तिच्याखाली माझं दप्तर आणि आमची शेळी गेली. मी नेहमी तिथंच झोपायची. त्या रात्री ताप होता म्हणून आईनं जवळ घेतलं होतं. पुढं दोन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नको व्हायचा, पण आई घरात पाऊल टाकायला तयार नव्हती. आजही भाड्याचं घर बघायला गेले की मी आधी भिंतीवर टकटक करून बघते. वीट असली की घर पसंत. लग्नानंतर नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो हसला, पण माझं तोंड बघून त्यानं हसू आवरलं.

तर अशी मी, आणि अशी ती कचेरी. मनातून मला वाटायचं, हे काम फिसकटावं. खोटं कशाला बोलू?

ठेकेदारानं दिलेला मिस्त्री साठीच्या पुढचा होता. चुन्याचं काम येणारा तेवढाच एक उरलाय म्हणे. त्याच्या बापानंही याच कचेरीच्या गच्चीचा चुना केलेला. पहिल्याच दिवशी त्यानं ती उर्दू ओळ मला वाचून दाखवली. मी समजत होते, निजामाचा काहीतरी मोठा हुकूम असणार.

"काय न्हाई म्याडम," मिस्त्री म्हणाला, "इथं थुंकू नका, असं हाय."

धूर बाहेर जायच्या नळीसाठी भिंतीला भोक पाडलं, तेव्हा त्यानं मला मुद्दाम हाक मारली. म्हणाला, "हा दगड बघा. या अंगाला बी तोंड, त्या अंगाला बी तोंड. अख्ख्या भिंतीतनं आरपार गेला. असे दर दोन हातांवर हायत. मधी चुना भरलाय. ही भिंत फाटत न्हाई." त्याला माझ्याबद्दल काय कळलं होतं कोण जाणे. मी आपलं "बरं बरं" म्हटलं आणि बाहेर येऊन पाणी प्याले.

काम मात्र गोगलगायीच्या चालीनं. आमच्या लातूरकडं माणूस काम करत असला की म्हणतो, "करायलोय." मिस्त्रीच्या गावाकडं म्हणतात, "करून राहिलो." या 'करून राहिलो'नं माझ्या नाकी नऊ आणले. जाळी बसवली का? बसवून राहिलो. नळ जोडला का? जोडून राहिलो. एकदा मी चिडून म्हटलं, "मिस्त्री, राहू नका हो, करा!" तो शांतपणे म्हणाला, "हाव म्याडम, करून राहिलो."

मागच्या खोलीत एक दगडी ओटा होता. कंबरेएवढा उंच, एका खाटेएवढा लांब, खोलीच्या बरोबर मधोमध. कुणी म्हणे त्यावर दफ्तराचं लोखंडी कपाट असायचं, कुणी म्हणे टपालाच्या थैल्या. आमच्या नकाशात तिथं नमुने ठेवायच्या मांडण्या होत्या, म्हणजे ओटा तोडणं आलंच. पण इतर कामं उरकेपर्यंत नकाशे पसरायला तो बरा पडायचा. दिवसभर माझं बस्तान तिथंच. रेल्वेगाडी आली की सगळ्या कचेरीची तावदानं खडखडायची आणि माझं बोलणं अर्ध्यात तुटायचं. कागद उडू नयेत म्हणून मी ते दोन्ही तळहातांनी दाबून धरायची. गाडी गेली की पुढचं बोलायची.

त्याच ओट्यावर एक दिवस अर्धापूरच्या एका केळीवाल्या बाईंनी मातीची पिशवी आणून ठेवली. तोंडाला साडीच्या काठाची गाठ. बाईंचा स्वतःचा मळा, स्वतः राबतात.

"बाई, पहिला नंबर माझा धरा."

"अहो मावशी, अजून फरशी बसायची आहे!"

"बसंल की. मागल्या खेपेला माती लांब तपासायला धाडली. रिपोर्ट आला तवा केळ कमरेला लागली होती. आता नवी लागण करायची हाय. पाऊस पडायच्या आत मला कळलं पाहिजे कोणतं खत किती घालायचं. अंदाजपंचे घालून घालून जमीन खारी झाली माझी."

एवढं बोलून त्या गेल्या. पिशवी राहिली. आणि काय सांगू, त्या दिवसापासून मला ती प्रयोगशाळा हवीशी झाली. रोज ती गाठ समोर दिसायची. हे काम फिसकटावं असं म्हणणारी मी, आता ठेकेदाराला दिवसातून चार फोन करायला लागले.

यंत्रांची खोकी येऊन व्हरांड्यात पडली. पण वरून पत्र आलं: तपासणी पथक येईल, जागा पाहील, बारीक वजनाच्या तराजूची चाचणी घेईल, जुनी इमारत यंत्रांना योग्य नसेल तर सगळी खोकी दुसऱ्या शहरात जातील. पत्र मी दोनदा वाचलं. इतके दिवस मीच तर बोंबलत होते की जुनी इमारत योग्य नाही. आता तेच कागदावर आलं.

पथक यायला दहा दिवस उरले आणि लातूरहून फोन आला: दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. जावं तर लागणारच. निघायच्या आधी मी लाल खडू घेतला आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर मिस्त्रीसाठी यादी लिहिली. खिडकीची जाळी – झाली. बेसिनचा नळ – राहिला. पुढची फरशी – झाली. मागचा ओटा – राहिला. मोठ्या अक्षरांत, कुणालाही वाचता येईल अशी. बस पकडली आणि लातूरला गेले.

ऑपरेशन छान झालं. दादा निवृत्त शिक्षक, एका डोळ्याला पट्टी, तरी तोंड चालू. रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोरच मिस्त्रीला फोन लावायची.

"काय चाललंय मिस्त्री?"

"ओट्याचंच करून राहिलो म्याडम."

"होईल ना मी यायच्या आत?"

"हाव. येकदम झकास करून राहिलो."

मी फोन ठेवला की दादा विचारायचे, "काय म्हणतोय?"

"करून राहिलो म्हणतोय."

"मग राहिलंच असंल," दादा म्हणायचे आणि पट्टी सांभाळत खुदुखुदु हसायचे. निघताना मात्र गंभीरपणे म्हणाले, "दगडाच्या भिंतीत काम करतीस. आरपार दगड हायत का बघ. आपल्या मागल्या भिंतीत नव्हते, नुसता चिखल भरला होता. त्या दिवशी मला ठावं नव्हतं." इतक्या वर्षांत ते हे पहिल्यांदा बोलले. मी म्हटलं, "हायत दादा, मी पाहिलेत." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खरंच पाहिले होते.

सातव्या दिवशी नांदेडला आले ती थेट कचेरीत. मागच्या खोलीत पाय ठेवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ओटा जागच्या जागी! नुसता जागच्या जागी नाही, घासून-पुसून, सांधे चुन्यानं भरून, वरचा दगड तासून असा गुळगुळीत केलेला की तोंड दिसावं. आणि फरशी त्याच्या चहूबाजूंनी कापून बसवलेली.

"मिस्त्री! हे काय आहे?"

"ओटा."

"तो दिसतोय मला! तोडला का नाही?"

मिस्त्रीनं भिंतीवरच्या लाल अक्षरांकडं बोट केलं. "तुमीच लिवलं ना. मागचा ओटा, राहिला. मला वाटलं, बरं झालं बापा, राहिला."

"अहो, राहिला म्हणजे तोडायचा राहिला! वर नळ राहिला लिहिलंय, तो जोडलात ना?"

"जोडला की. नळ जोडायचा राहिला. ओटा राहिला."

देवा रे देवा. मी अर्धा तास बडबडले. काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. सात दिवस वाया घालवले, चार ओळी धड वाचता येत नाहीत, तुमच्यामुळं खोकी जातील, असलं बरंच. तो खाली मान घालून थापी पुसत उभा राहिला. तीन दिवसांत तो दगड फोडून राडारोडा उचलणं शक्यच नव्हतं. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, राहू दे मेला, मांडण्या भिंतीकडं लावू.

दुसऱ्या दिवशी तराजूचं खोकं उघडलं. हा तराजू म्हणजे काचेच्या पेटीत बसलेला, अर्ध्या ग्रॅमचेही बारीक बारीक भाग मोजणारा. दशांशचिन्हापुढं चार आकडे. त्यासाठी पुढच्या खोलीत लोखंडी पायांचं, वर ग्रॅनाइट असलेलं खास टेबल आणलं होतं. टेबलावर तराजू ठेवला, शंभर ग्रॅमचं प्रमाणित वजन चिमट्यानं आत ठेवलं आणि काच लावली. आकडा स्थिर व्हायला हवा. तो होईना. शेवटचे दोन आकडे वर-खाली, वर-खाली. रस्त्यावरून ट्रक गेला की तिसराही. आणि गाडी आली तेव्हा तर तराजूनं आकडा दाखवायचंच सोडून दिलं.

टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. पंखे, एसी बंद केले. घामाच्या धारा लागल्या तरी आकडा नाचतोच. खाली भर टाकून केलेली जमीन, ती सगळा हादरा वर पोचवत होती. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, जमिनीपासून वेगळा पाया बांधून घ्यावा लागेल. महिना तरी धरा." माझ्याकडं दीड दिवस होता.

मी व्हरांड्यात खोक्यावर बसले आणि चक्क रडले. सगळ्यांसमोर. अर्धापूरच्या मावशींना काय तोंड दाखवायचं?

मिस्त्री जवळ आला. "म्याडम, त्या वट्यावर ठिवून बघा की."

"ओट्याचं नाव काढू नका माझ्यापुढं!"

"बघाय काय जातंय? तो खाली खडकापस्तोर उतरलाय. माझा बाप सांगायचा. फरशीचा आन् त्याचा संबंधच न्हाई, मधी बोटभर वाळू हाय. मी बी फरशी त्याला चिकटू दिली न्हाई."

दुसरा काही इलाजच नव्हता. तराजू उचलून मागच्या खोलीत नेला. ओट्याच्या मध्यावर ठेवला, पातळी जुळवली, अर्धा-पाऊण तास तसाच राहू दिला. मग वजन आत ठेवलं. आकडे धावले, रेंगाळले आणि थांबले. चारही. मी काढलं, पुन्हा ठेवलं. तेच चार आकडे. दहा वेळा ठेवलं. एवढ्यात गाडी आली. तावदानं खडखडली. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"बघा," मिस्त्री म्हणाला.

डोळे उघडले. आकडा जिथल्या तिथं. माझा जीव भांड्यात पडला.

पथकात दोघं होते, दोघंही कमी बोलणारे. त्यांनी दोन तास तराजूची चाचणी घेतली, एकदा तर मालगाडी जात असताना. शेवटी मोठे साहेब चष्मा काढून म्हणाले, "उत्तम. अशी बैठक नव्या इमारतींत पण बघायला मिळत नाही. कल्पना कुणाची?"

'माझी' म्हणायला किती सोपं होतं. संचालक माझ्याकडं कौतुकानं बघतच होते. पण मिस्त्री दारात उभा होता, हातात थापी.

"कल्पना कुणाचीच नाही सर," मी म्हटलं. "मी ओटा तोडायला सांगितलं होतं. मिस्त्रींनी माझं लिहिलेलं चुकीचं वाचलं, म्हणून तो वाचला. आणि वर मीच त्यांना फाडफाड बोलले."

साहेब हसले. सही केली. यंत्रांची खोकी नांदेडलाच राहिली. हा 'राहिली' मात्र सगळ्यांना एकाच अर्थानं कळला.

सगळे गेल्यावर मी चहा मागवला. मिस्त्रीला म्हटलं, "माफ करा. त्या दिवशी जास्तच बोलले."

त्यानं बशीत चहा ओतला. "त्याचं काय न्हाई म्याडम. पर येक सांगू? मी चुकीचं वाचलं न्हाई."

"म्हणजे?"

"राहिला म्हंजी काय, हे मला कळत न्हाई व्हय? सारी जिंदगी राहिलेलीच कामं करून राहिलो मी."

मी बघतच राहिले. "मग कळून सवरून? का? दगड चांगला होता म्हणून?"

"दगड काय, कुठं बी घावतो." त्यानं चहाचा घोट घेतला. "गाडी आली की तुमी त्या वट्याला हात लावून हुभ्या राहायच्या. रोज बघायचो मी. गाडी जाईस्तोर सोडत नव्हत्या."

"कागद उडायचे म्हणून धरायची मी ते!"

"खिडक्या बंद असायच्या म्याडम," मिस्त्री हळूच म्हणाला. "तुमी लातूरकडच्या. मी भूकंपानंतर तिकडं दोन वर्षं घरं बांधाय गेलतो. तिथल्या बाया बी अशाच. काय हाललं की हात कायतरी धरायला बघतो. म्हणलं, या बाईला येवढ्या मोठ्या कचेरीत ही येकच जागा घावली धरायला. ती कशी फोडू? शिव्या खाव्या लागतील ते ठावं होतं. खाल्ल्या."

चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धापूरच्या मावशी आल्या. त्यांच्या पिशवीची गाठ मी त्यांच्यासमोरच सोडली. माती वाळवली, कुटली, चाळली आणि चार दिवसांनी पहिला नमुना वजनाला घेतला. खत किती आणि कोणतं, ते मावशींना लागणीच्या आत कळलं. नंतर नमुन्यांची रांगच लागली. भोकर, लोहा, मुदखेड, कुठून कुठून पिशव्या यायला लागल्या.

उर्दूतली ती ओळ आम्ही तशीच ठेवली आहे. थुंकू नका हे तर अजूनही सांगावंच लागतं. मागच्या खोलीतली माझी लाल यादीही मिस्त्रीनं रंगवाल्याला पुसू दिली नाही. तिच्या शेजारी मी एक नियम छापून लावला आहे, आणि तो सगळ्यांना लागू आहे, मलासुद्धा: वजन चालू असताना ओट्याला हात लावू नये. तळहाताच्या दाबानंही शेवटचा आकडा सरकतो.

त्यामुळं आता गाडी येते, तावदानं खडखडतात, आणि माझे दोन्ही हात मोकळे असतात. मी तशीच उभी राहते आणि आकडा वाचून सांगते.